आवाज कधी येतो?

"आवाज कधी येतो?" अण्णांनी विचारलं. मी म्हटलं, कधीपण येतो. कधीपण म्हणजे? गाडी गार असताना की गरम झाल्यावर? ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर? वळताना येत असेल तर डावीकडे की उजवीकडे, खड्ड्यात येतो की सपाट रस्त्यावरपण, मागे माणसं बसली की वाढतो का? मी नुसती बघत राहिले. दोन आठवडे तो आवाज माझ्या डोक्यात बसला होता, रात्री झोपतानापण आठवायचा, आणि त्याच्याबद्दल मला सांगता काय येत होतं तर पुढून कुठूनतरी येतो आणि टक टक असा येतो. "टक टक की खट खट?" परत अण्णा. मला हसू आलं, पण ते हसत नव्हते.

मग म्हणाले, चला, ट्रायल मारू. वेस्टच्या गोळ्याला हात पुसले, माझ्या शेजारी येऊन बसले, आधी गाणी बंद केली, मग एसी बंद केला, मग त्यांच्या बाजूची काच पूर्ण खाली घेतली आणि एक हात दरवाजाच्या पत्र्यावर बाहेरून ठेवला. तुम्ही चालवा, मी ऐकतो. ह्या माणसाला मी गेली सात-आठ वर्षं ओळखते, लांब स्क्रू ड्रायव्हर चालू इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटून उभा राहिलेला बघितलाय, पण शेजारी बसून ऐकताना पहिल्यांदाच बघत होते. कालव्याच्या रस्त्याने गेलो, नव्या सिमेंटच्या रस्त्याने परत आलो, मधले चारही स्पीडब्रेकर मुद्दाम जोरात घेतले. आवाज नाही. एकदासुद्धा नाही. मला उगाच अपराधी वाटायला लागलं, जसं काही मी बनवून सांगत होते. "काय नाय ताई. आला की या." पैसे घेतले नाहीत, ते आणखी लागलं.

गॅरेजमधून बाहेर पडले, चौकात डावीकडे घेतली, आणि टक.

घरी हा विषय नाजूक झाला होता कारण मुलाच्या सुट्टीत मला त्याला घेऊन माहेरी जायचं होतं, कराडला, आणि पहिल्यांदाच गाडी घेऊन एकटीने. नवऱ्याचं म्हणणं एकच, आधी ते काय आहे ते दाखव, मग जा. त्याचं चुकत होतं असंही नाही. त्याची एक वही आहे, गाडी घेतल्या दिवसापासूनची, पेट्रोल किती टाकलं, किलोमीटर किती झाले, हवा कधी भरली, सगळं तारीखवार. रविवारी गाडी धुतो, मॅट उन्हात टाकतो. गाडीवर त्याचं प्रेम आहे ह्यात वादच नाही, फक्त त्या प्रेमाची हद्द लोणावळ्याला संपते.

ह्याच दिवसांत नणंदेने ग्रुपवर तो फॉरवर्ड टाकला. दरवर्षी कधीतरी येतोच, तीन चाकांची गाडी, टोपी घातलेली बाई, आणि खाली फुलं. बर्था बेंझ. मीपण दरवर्षी अंगठा देऊन पुढे जाते, पण ह्या वेळी वाचलं, मग अजून शोधून वाचलं, आणि रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसले. मला कुणी सांगितलंच नव्हतं की ती माहेरी निघाली होती! ऑगस्ट १८८८, शाळेला सुट्टी, दोन मुलं बरोबर, ओयगेन पंधरा वर्षांचा आणि रिशार्ड चौदाच्या आतला, मानहाइमहून फोर्झहाइमला आईकडे. हे म्हणजे मे महिन्यात स्वारगेटला उभ्या असलेल्या कुठल्याही बाईसारखंच झालं. फरक एवढाच की तिची एसटी नवऱ्याने स्वतः बनवलेली होती आणि तोवर कुणी अशी गाडी एवढ्या लांब नेली नव्हती. एकशेसहा किलोमीटर. आणि नवऱ्याला न सांगता, सकाळी तो उठायच्या आत.

आता त्या नवऱ्याबद्दल. कार्ल बेंझला २९ जानेवारी १८८६ चं पेटंट मिळालं होतं, त्याच वर्षी जुलैमध्ये मानहाइमच्या रस्त्यावर लोकांसमोर गाडी चालवूनपण झाली होती. त्याच्याही आधी आवारात चालवताना भिंतीवर आपटवली होती म्हणतात. पण त्याचं म्हणजे कायम तेच, अजून हे सुधारायचंय, अजून ते सुधारायचंय. थोडं लांब जायचं, परत यायचं, परत खोलायची. गाडी कुणी विकत घेत नव्हतं, लोक येऊन बघायचे, हसायचे, जायचे. आणि त्या कारखान्यात बर्थाच्या हुंड्याचे पैसे होते. लग्न १८७२ चं, पण त्याच्या आधीच तिने घरून आपला हुंडा मागून घेतला आणि कार्लच्या भागीदाराला बाहेर काढायला दिला. हे वाचलं आणि मला ती गोष्ट जरा वेगळी दिसायला लागली. फॉरवर्डमध्ये ती धाडसी वगैरे असते. मला ती सोळा वर्षं वाट बघून कंटाळलेली बाई दिसली, जिचे पैसे आवारात फडक्याखाली झाकून ठेवलेले आहेत.

बरं, गाडी काय होती तर मागे आडवं इंजिन, एक सिलेंडर, आजच्या स्कूटीपेक्षाही कमी ताकद. पुढे एक चाक, ते वळवायला उभी दांडी. चालू करायला मागचं भलंमोठं आडवं फ्लायव्हील हाताने फिरवायचं. इंधन म्हणजे लिग्रोइन, कपड्यावरचे डाग काढायचं ते, केमिस्टकडे मिळायचं. वेगळी टाकी नव्हतीच, कार्ब्युरेटरमध्येच काय साडेचार लिटर मावेल तेवढं. विसलोख गावात तिने केमिस्टकडून लिग्रोइन घेतलं, आणि आज ते दुकान जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं. मला त्या केमिस्टचा चेहरा बघायचा होता. डाग काढायला छोटी बाटली पुरते, ही बाई लिटरने मागतेय, एवढा डाग पडलाय कुठे? आणि पाणी. इंजिन गार ठेवायचं पाणी उकळून उडून जायचं, त्यामुळे विहीर दिसली थांब, ओढा दिसला थांब, खानावळ दिसली थांब.

हे वाचताना माझ्या नाकात एकदम खंबाटकीचा वास आला.

आमच्याकडे फियाट होती, करड्या रंगाची, बाबांनी सेकंडहँड घेतलेली. तेव्हा बोगदा नव्हता, वरचे खालचे सगळे घाटातूनच, आणि मे महिन्यात घाटात जागोजागी बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या असायच्या. आमची हमखास तिसऱ्या-चौथ्या वळणाला आचके द्यायला लागायची. पंपात पेट्रोलची वाफ धरायची. त्याला औषध एकच, पंपावर ओला फडका टाकून वाट बघायची. आईच्या पायाशी पाण्याचा कॅन त्यासाठीच असायचा, प्यायचं पाणी वेगळं. आणि गाडी थांबली रे थांबली की बाबा ओरडायचे, दगड! मग मी आणि दादा दोन्हीकडून उड्या मारून दगड शोधायचो आणि मागच्या चाकांना लावायचो, दादाच्या दगडापेक्षा माझा मोठा पाहिजे म्हणून मला उचलतापण न येणारा दगड मी ढकलत आणायचे. तापलेल्या लोखंडाचा वास, क्लच प्लेटचा जळका वास, पळसाच्या द्रोणातली करवंदं, शेजारून दुसऱ्या गिअरमध्ये रडत जाणारे ट्रक. तिकडे ओयगेन आणि त्याची आई चढाला गाडी ढकलायचे आणि हलका म्हणून धाकटा दांडी धरून बसायचा, हे वाचलं तेव्हा मला कळलं की ही पोरं खूश असणार. मोठ्यांची गाडी बंद पडणं ह्यासारखी मजा त्या वयात दुसरी नाही.

पण त्या फियाटमधली एक गोष्ट मी इतकी वर्षं विसरले होते. गाडी आचके द्यायच्या आधी, बरंच आधी, आई म्हणायची, अहो, आवाज बदलला. बाबा म्हणायचे काही नाही गं. आणि पुढच्या वळणाला फडका. प्रत्येक वेळी. तिने आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नाही, पण त्या गाडीचं काय दुखतंय ते सगळ्यात आधी तिला कळायचं कारण तिला दुसरं काम नव्हतं, शेजारी बसून ऐकणं एवढंच. आणि अण्णांनी मला विचारलं तसं, कधी येतो, कसा येतो, असं तिला कुणी विचारलं नाही. मीपण नाही. मला तर तिचा राग यायचा, की ही बोलली म्हणून गाडी बंद पडली.

फॉरवर्डवाल्यांचा सगळा जीव दोन गोष्टींत असतो, टोपीची पिन आणि मोज्याचा गार्टर. म्हणजे इंधनाची नळी तुंबली तर बर्थाने टोपीची पिन घालून साफ केली, आणि इग्निशनच्या वायरचं आवरण घासून गेलं तर गार्टर गुंडाळला. बायकांच्या वस्तूंनी गाडी दुरुस्त, किती गोड. मला ह्याचाच राग येतो. पिन काय कुणाकडेही असते. गाडी आचके देऊन बंद पडली तर ती काय सांगते का की माझी नळी तुंबलीये? भर रस्त्यात, धुळीत, दोन पोरं बाजूला, आधी हे ठरवावं लागतं की इंधन येत नाहीये का ठिणगी पडत नाहीये. आपल्याकडे कुठलाही गॅरेजवाला सांगेल, कचरा आला तर गाडी हळूहळू दम तोडते, वायर शॉर्ट झाली तर मिसिंग मारते नाहीतर फटकन बंदच होते. माझा अंदाज असा की हे तिला त्या रस्त्यावर पहिल्यांदा कळलेलं नसणार. गाडीची कॉइल गुणगुण करायची, ते गुणगुणणं तिने कितीतरी संध्याकाळी आवारात ऐकलेलं असणार. कार्लच्या मते सगळ्या अडचणींतली मोठी अडचण इग्निशनचीच होती, म्हणजे घरात जेवताना-झोपताना तोच विषय. ती नवऱ्याच्या शेजारी बसून ऐकत होती, आणि एक दिवस दांडी तिच्या हातात आली.

बाकीचे आजार तर अगदी आपल्याकडचेच. चेन सैल पडली, ब्रुखसालच्या लोहाराने ती ठीक करून दिली. ब्रेक म्हणजे चाकावर दाबायचे लाकडी ठोकळे, ते उताराला घासून घासून संपायला आले, तर बाउशलोट नावाच्या गावात मोच्याकडून त्यावर कातडं ठोकून घेतलं. म्हणजे लायनर! आज आपण दोन चाकांचे लायनर बदला म्हणून सहज सांगतो, ते पहिलं एका चपला शिवणाऱ्याने ठोकलं. त्या उताराबद्दल मात्र मला कुठेच फारसं वाचायला मिळालं नाही. सगळे चढाबद्दल बोलतात, ढकललं म्हणून. उताराला काय वाटलं असेल? लाकूड घासल्याचा वास, दांडी हातात थरथरतेय, मागे पोरगं, आणि ब्रेक लागतोय का नाही ह्याची खात्री नाही. इथे माझं मन तिच्या बाजूने राहत नाही. न तपासलेल्या गाडीत दोन मुलांना घेऊन? मी नसते गेले. असं म्हणते, आणि मग आठवतं की मीसुद्धा टक टक करणारी गाडी घेऊन खंबाटकीतूनच जाणार आहे.

अंधार पडायला लागला तेव्हा ती फोर्झहाइमला पोचली आणि नवऱ्याला तार केली. काही दिवसांनी दुसऱ्या रस्त्याने चालवत परतपण आणली. आणि मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे, की परत आल्यावर ती नुसती पोचलो बाई एकदाची असं म्हणाली नाही. चढाला गाडी ओढत नाही, एक गिअर अजून पाहिजे, हे सांगितलं. आणि कार्लने तो बसवला. त्याच सप्टेंबरमध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं. ह्या सगळ्यात कार्लला हसायचा मोह होतो पण मला तो नाही करायचा. दोन वर्षं त्याने जे आवारात केलं ते केलं नसतं तर ती अर्ध्या तासात परत आली असती, पायी.

पुढे ही ट्रायल मारायची गोष्ट मोठ्या थाटाची झाली. १९०७ मध्ये रोल्स-रॉइसने सिल्व्हर घोस्ट पंधरा हजार मैलांच्या चाचणीला काढली, रॉयल ऑटोमोबाइल क्लबचा माणूस गाडीत बसलेला. ६२९ मैलांवर थांबली, का तर हादऱ्यांनी पेट्रोलचा नळ आपोआप बंद झाला. बास एवढंच. त्यानंतर १४,३७१ मैल एकदाही आपणहून थांबली नाही, मग सगळी खोलून झीज मोजली आणि गाडी परत नव्यासारखी करायचा खर्च निघाला दोन पौंड दोन शिलिंग सात पेन्स. आणि पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, त्याच जातीची एक गाडी, पर्ल ऑफ द ईस्ट, आपल्याकडे मुंबई-कोल्हापूर चाचणीत उतरली, ६२० मैल आणि सहा घाट. जिंकली, मग ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली. हे मी नवऱ्याला उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, त्यांच्याबरोबर मेकॅनिक असेल.

शेवटी गेले. न सांगता नाही, तेवढी बर्था मी नाही. सांगून, भांडून, सकाळी सहाला. निघताना मुलाने डॅशबोर्डमधून बाबाची वही काढली, उलटी केली आणि मागच्या पानावर लिहायला सुरुवात केली. मीच सांगितलं होतं त्याला, आवाज आला की कुठे आला, तेव्हा मी काय करत होते, सगळं लिही. अकरा वर्षांचा आहे, काम मिळालं की पोलीस होतो. गाणी बंद, एसी बंद, काचा खाली. खेड शिवापूरला टोलच्या अलीकडे त्याने पहिली नोंद केली. शिरवळच्या पुढे तीन. पहिल्या तासात आम्ही दोघं नीट बोललोपण नाही, नुसते ऐकत होतो, आणि गंमत म्हणजे एवढं ऐकायला लागल्यावर त्या गाडीत मला दहा आवाज सापडले, सीटबेल्टचा, मागच्या डब्याचा, छत्रीचा, एक माझ्याच कानातल्याचा. एकेक बाजूला करत गेलो तेव्हा आपलं टक उरलं. घाटाच्या आधी एका उखडलेल्या पट्ट्यावर मुलगा म्हणाला, आई, परत घे ना. कशाला? परत घे. मग सर्व्हिस रोडला उतरून तेवढाच खड्डा मी तीनदा घेतला, एकदा डावं चाक घालून, एकदा उजवं, एकदा दोन्ही. शेजारून स्कूटरवरून जाणारे एक काका वळून वळून बघत होते.

घाटात वर जाताना गाडी मस्त ओढत होती, पलीकडे उताराला मागून एक ट्रक हॉर्न देत अगदी अंगावर आला, मी दुसऱ्यावर घेतली आणि डावीकडे चिकटून राहिले. आवाज आला का नाही, माझं लक्ष नव्हतं.

कराडला आईने दारातच विचारलं, किती वाजता निघालीस, आणि मग गाडीकडे बघत, व्यवस्थित आहे ना गं? मी म्हटलं, आवाज येतोय एक. कसला, ती म्हणाली. आणि चप्पल घालून बाहेर आली. तिला आत बसवलं, गल्लीतून एक राउंड मारला, घराजवळच्या गटाराच्या तुटक्या झाकणावरून गाडी गेली. "डावीकडून," आई म्हणाली. "खालून. काहीतरी सैल आहे." मुलाने तेही लिहिलं, आजी, डावीकडून, खालून, सैल.

परत आल्यावर सोमवारी अण्णांच्या समोर वही ठेवली. ते चष्मा लावून बोट फिरवत वाचत होते, पेट्रोलच्या हिशेबाच्या उलट्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं. स्पीडब्रेकर, नाही. स्पीडब्रेकर, नाही. अर्धा खड्डा, आहे. अर्धा खड्डा म्हणजे काय रे? मुलगा म्हणाला, एकच चाक गेलं तर. दोन्ही चाकं एकदम गेली की येत नाही. अण्णांनी मान वर केली, त्याच्याकडे जरा वेळ बघितलं, परत वहीत गेले. बोट एका ओळीवर थांबलं. "उतार. ट्रक. आई गप्प. हे काय? ह्यात आवाज होता का नव्हता?"

मी म्हटलं, ते सोडा अण्णा.

बॉनेट उघडलंच नाही त्यांनी. डावीकडे चाक वळवून ठेवायला सांगितलं, खाली पुठ्ठा टाकून बसले, चाकाच्या मागे हात घातला आणि बोटभर जाडीचा एक रॉड धरून हलवला. लिंक रॉड म्हणे, दोन्ही चाकं एकदम वरखाली झाली तर त्याला कामच नसतं, एकच झालं की ताण येतो, म्हणून त्या दिवशी स्पीडब्रेकरवर गप्प बसला. मुलगा त्यांच्या शेजारी उकिडवा बसला, कान अगदी टायरला लावून.

"हाच काय रे?"

"परत करा."

अण्णांनी परत हलवला. टक. खट नाही, टक.